मकावकरांचा ब्रेक

वरात ऐन रंगात आलेली असताना ट्रम्पेट खाली करून, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत कमरेत वाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नवरदेव घोडीवर, मामेमंडळी नाचून घामाघूम, करवल्यांचे गजरे सुटलेले, आणि हा गृहस्थ खिशातून रुमाल काढून शांतपणे ओठ पुसतोय. मग स्वच्छ आवाजात जाहीर करायचा, "थँक यू, थँक यू. ब्रेकनंतर भेटू." आणि जवळच्या टपरीवर जाऊन चहा सांगायचा. हेच आमचे मकावकर.

आशागडच्या एका लग्नात मी स्वतः करवल्यांच्या घोळक्यात होते. नवरदेवाचे वडील वाणगावचे मिरचीचे व्यापारी, आवाज बाजारात कमावलेला. ते टपरीपर्यंत धावत आले. "अरे मास्तर, वगाडो ने! घोडी ऊभी छे!" मकावकरांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. "शेठ, घोडीला पण ब्रेक लागतो. बघा, किती खूश आहे." घोडी खरंच कुंपणावरची वेल खात निवांत उभी होती. मुहूर्त टळत होता, भटजी मांडवातून फोनवर फोन करत होते. पण मकावकरांनी चहा संपवला, बो टाय सारखा केला आणि मगच ते परत आले. बँड त्यांच्या पुतण्याचा होता. त्याला कोणी बोललं की तो कपाळावर हात मारायचा. "सख्खे काका आहेत हो. आणि त्यांच्यासारखा ट्रम्पेट बोईसरपासून तलासरीपर्यंत कोण वाजवतो ते तुम्हीच सांगा!" ते मात्र कोणाला सांगता यायचं नाही.

त्यांचं खरं आडनाव त्यांच्या रेशनकार्डाला माहीत असेल तेवढंच. मकावला राहून आले म्हणून मकावकर. डहाणूचे डहाणूकर होतात तर मकावचे मकावकर का होऊ नयेत! आमच्या सरावलीच्या बैठ्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून, मधे एकच भिंत. मी तलासरीच्या शाळेत मराठी शिकवते, आमचे हे रेल्वेत. मकावकर मला 'बाई' म्हणायचे आणि माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे असून मान द्यायचे. मी मात्र त्यांच्यावर जमेल तेव्हा ओरडून घ्यायची. शेजार म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

मकाव म्हणजे चीनच्या टोकाशी असलेलं एक चिमुकलं गाव. पोर्तुगीजांनी जसं आपल्याकडे दमण धरून ठेवलं होतं तसं तिकडे मकाव. तिकडे दरवर्षी एक मोठा मेळा भरतो, आणि जिथे जिथे म्हणून पोर्तुगीजांनी पाय ठेवला होता तिथली माणसं येऊन नाचतात, गातात. मकावकर तेव्हा दमणच्या एका मास्तरांकडे ट्रम्पेट शिकून तिथल्याच लग्नांत आणि चर्चच्या सणांत वाजवत. मेळ्याला निघालेल्या दमणच्या मंडळींतला वाजवणारा ऐन वेळी हर्नियाने आडवा झाला, आणि सरावलीचा हा मराठी माणूस दमणचा होऊन चीनला गेला. "कोणी काय विचारलं की नुसता हसायचो, बाई. पोर्तुगीज म्हणजे दोनच शब्द येत होते, आणि त्यातला एक शिवी होती." तिथे एका फिलिपिनो बँडवाल्याने त्यांना ऐकलं आणि हॉटेलात नोकरीला लावून घेतलं. पाच दिवसांसाठी गेलेला माणूस अधूनमधून सुट्टीवर येत काही वर्षं तिकडेच राहिला. कोरोनात तिथले जुगाराचे अड्डे ओस पडले, बँड बंद झाले, तेव्हा हे परत आले. येताना काळा कोट, बो टाय आणि ब्रेक एवढं घेऊन आले.

त्यांच्या बायकोला, मालतीवहिनींना, यातलं काही फारसं खरं वाटत नसे. "कशावरून वाजवत होते? कशावरून कपबश्या विसळत नव्हते?" हे त्या त्यांच्यासमोरच म्हणायच्या. "आता घरात भांडी किती साफ घासतात बघा ना!" वहिनींचंही बरोबर होतं. लग्नात बँड बाहेर आणि बायका आत, त्यात डीजेचा दणदणाट. नवऱ्याचं एक अख्खं गाणं असं त्या माऊलीने कधी ऐकलंच नव्हतं.

घरी ऐकायला मिळायचा तो एकच सूर. सकाळी माझ्या पोळ्या तव्यावर असताना भिंतीपलीकडून 'भोंऽऽऽ' सुरू व्हायचं ते पोळ्या संपल्या तरी चालूच. वर नाही, खाली नाही. एके दिवशी मी लाटणं हातात घेऊनच त्यांच्या दारात गेले. "अहो मकावकर, वाजवायचंच तर गाणं वाजवा की! धक्क्याला बोट लागल्यासारखा भोंगा काय देताय!"

"सूर धरतोय, बाई. गाणं घरात नाय वाजवायचं. गाणं ऐकणाऱ्यापुढे."

"आणि तो ऐकणारा कधी उगवणार?" वहिनी आतून म्हणाल्या. "पश्चिमेला, सूर्याबरोबर?"

मकावकर हसले आणि पुन्हा भोंऽऽऽ.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे हळू वाजवणं. वरातीत! पुढे ताशेवाला जीव खाऊन बडवतोय, मागे डीजेची गाडी खिडक्यांच्या काचा थरथरवतेय, आणि मधे मकावकर कानात गुज सांगावं तसं वाजवतायत. वर ताशेवाल्याला डोळे वटारून सांगायचे, "हळू, हळू! लोकांना बोलू दे." तो बिचारा म्हणायचा, "काका, लोक नाचतायत, बोलतंय कोण?" पण हे ऐकायचे नाहीत. हॉटेलातली शिस्त अंगात भिनलेली. तिथे जुगाराच्या टेबलांशेजारी एक छोटं स्टेज, आठवड्यातले सहा दिवस वाजवायचं, आणि नियम एकच, खेळणाऱ्याच्या डोक्यात जायचं नाही. "हरणारा माणूस आधीच तापलेला असतो. त्याच्या वरचढ वाजवलं तर तो आपल्यालाच मारेल."

"मग ऐकत कोण होतं?" मी विचारलं होतं.

"कोणीच नाय." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. "एकदा एकाने टाळ्या वाजवल्या, उभा राहून. आम्ही सगळे खूश, वाकून नमस्कार केला. मग कळलं, त्याचे पत्ते लागले होते."

मग त्यांनी मला ब्रेकचं गुपित सांगितलं. बँड चालू असला की माणूस पेला घेऊन खुर्चीत रेलून बसतो. बँड थांबला की चुळबुळ करतो, उठतो, आणि उठला की पाय टेबलाकडे वळतात. म्हणून मालक ब्रेक चुकवू द्यायचा नाही. "आमचं वाजवणं त्यांच्या कामाचं नव्हतं, बाई. थांबणं कामाचं होतं. आपण थांबलो की समोरची माणसं उठून जातात, हे मी रोज बघितलं." असं सांगून ते खो खो हसले. मला काही हसू आलं नाही, पण ते हसत होते म्हणून मीही हसले.

मकावच्या गोष्टी ओट्यावर बसून सांगायला लागले की चाळ गोळा व्हायची. एका हॉटेलात छताला आकाश रंगवलंय, त्यात ढग, खाली खरं पाणी आणि त्यात होड्या. होडीवाला इटलीची गाणी म्हणतो आणि डबा खातो मनिलाचा. "आकाशाला भेगा पडल्या की रंगारी बोलावतात," हे ऐकून तर आमचे हे सुद्धा पेपर बाजूला ठेवून हसले. पण मकावकरांना स्वतःला आवडायचं ते चिनी लोकांचं देवळापुढचं नाटक. सणाला बांबूचा मोठा मांडव घालतात, आणि स्टेजचं तोंड देवळाकडे. गाणारा देवाकडे बघून गातो. "माणसं येतात, शेंगा खातात, उठून जातात. पण समोर देव बसलेला असतो ना. तो शेवटपर्यंत ऐकतो." मी त्यांना म्हटलं, आमच्या शाळेतली पोरं तारपा नाचतात, त्यातही असंच काहीसं आहे. तारपा वाजवणारा जिकडे वळेल तिकडे सगळी रांग वळते, पण त्याच्याकडे पाठ कोणी करत नाही. हे ऐकून मकावकर कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "बघा! इथे पाड्यावर कळतं ते," म्हणाले.

आणि मग ती म्हातारी. मकावच्या एका जुन्या गल्लीत एक खानावळ होती, अर्धी पोर्तुगीज, अर्धी चिनी. मालकाची आई नव्वदीची. त्या लोकांची स्वतःची एक जुनी बोली आहे, ती बोलणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. म्हातारी त्या बोलीत एक गाणं म्हणायची. पोरगा जहाजावर गेलाय आणि आई रोज त्याच्यासाठी सूप गरम करून ठेवते, एवढंच गाणं. पण म्हणण्याआधी ती टेबलांवरून नजर फिरवायची आणि सगळ्यांनी चमचे खाली ठेवल्याशिवाय तोंड उघडायची नाही. एकाचा जरी चमचा वाजला तरी थांबायची. मकावकर सुट्टीच्या दिवशी तिच्यासमोर बसून ते गाणं ट्रम्पेटवर शिकले. तिने शेवटी मान डोलावली आणि खुणेने बजावलं, चमचे खाली असतील तरच वाजव.

"मग इथे कधी वाजवलंत?"

"नाय वाजवलं. कुठे वाजवू? चमचे खाली कुठे आहेत?"

हे ऐकून मलाच चेव आला. म्हटलं, एवढं काय त्यात, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवा! मुख्याध्यापकांना मीच पटवलं. मकावकर कोट घालून, केसांना तेल लावून तलासरीला आले. स्टेजवर उभे राहिले, डोळे मिटले, ट्रम्पेट ओठाला लावला, आणि नेमक्या त्याच क्षणी आमच्या शिपायाने खाऊ वाटायला घेतला. पाचशे पोरांनी एकदम वेफर्सची पाकिटं फोडली. मकावकरांनी डोळे उघडले, ट्रम्पेट खाली घेतला, वाकले. "थँक यू, थँक यू. ब्रेकनंतर भेटू." पोरांनी कडाडून टाळ्या दिल्या. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, फारच सुरेल वादन झालं. मी डोक्याला हात लावला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण यंदा मकावकरांचे दात हलायला लागले. पुढचे वरचे दोन दात. ट्रम्पेटवाल्याचा सगळा खेळ ओठ आणि त्यामागच्या दातांवर, एवढं मलाही ठाऊक झालं होतं. आठवडाभर त्यांनी मीठ-हळद, लवंगेचं तेल, कडुलिंबाची काडी सगळं करून पाहिलं. शेवटी वहिनींनी त्यांना स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आमचीच जुनी विद्यार्थिनी, गोड मुलगी, पण दातांच्या बाबतीत दयामाया नाही. "काका, आत पू झालाय. दोन्ही काढावे लागणार, नाहीतर जबड्यात उतरेल. सोमवारी या." तिने कृत्रिम दात बसवायचंही सांगितलं. मकावकर म्हणाले, "चावायला बसव, पोरी. वाजवायला नाय चालणार. भाड्याच्या दातावर सूर उभा राहत नाय."

त्या दिवशी भिंतीपलीकडून भोंगा आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण मधेच तुटला. मी पोळ्या तशाच ठेवून ऐकत उभी राहिले. म्हणजे ते गाणं आता या माणसाच्या पोटातच राहणार! चीनच्या म्हातारीने दिलेलं, सरावलीपर्यंत आलेलं, आणि सोमवारी दुपारी डॉक्टरीणबाईंच्या बशीत दातांबरोबर जाणार!

सुदैवाने रविवारी आमच्या ह्यांच्या निवृत्तीचा समारंभ होता. मी ठरवूनच टाकलं. जेवणाआधी मकावकर वाजवणार, बसलेली माणसं, रेल्वेचा भरलेला हॉल, शोभेल असं. खाऊ नाही, पाकिटं नाहीत. सगळ्यांना मी स्वतः दटावून गप्प बसवलं, शाळा-मास्तरणीचा आवाज काय उगाच कमावलाय? मकावकर उभे राहिले. पहिला सूर निघाला, इतका हळू की ऐकायला मी पुढे सरकले. आणि शेजारच्या रुळावरून मालगाडी आली. डबे संपता संपेनात. ती गेली तेव्हा मकावकरांनी पुन्हा सुरुवात केली, तर आमच्या ह्यांचे साहेब उठून आपुलकीने म्हणाले, "मास्तर, असू द्या, असू द्या, पुऱ्या गार होतायत." झालं. अडीचशे माणसं उठली. चमचे काय, डाव, पळ्या, झारे, सगळं एकदम वाजलं. मी साहेबांना काय काय बोलणार होते ते ह्यांनी माझा हात धरल्यामुळे राहिलं. मकावकर मात्र वाकले, म्हणाले, "थँक यू, थँक यू," आणि ब्रेकनंतर भेटू म्हणून जिलेबीच्या रांगेत उभे राहिले. जिलेबी चावता येत नव्हती, चोखत होते.

सोमवारी मीही दवाखान्यात होते. माझी दाढ कधीपासून ठणकत होती, ती मी त्याच दिवसासाठी राखून ठेवली, तेवढीच वहिनींना सोबत. मकावकर आले ते काळा कोट, बो टाय, हातात ट्रम्पेट अशा थाटात. वहिनी वैतागून म्हणाल्या, "बघा बाई, दाताच्या अंत्ययात्रेला बँड घेऊन निघालेत!" मकावकर म्हणाले, "असू दे गं. दोघांची इतक्या वर्षांची ओळख आहे, शेवटचं भेटू दे."

माझा नंबर आधी होता. डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि बधिर व्हायला बाहेर बसवलं. बाकड्यांवर आमच्यासारखीच मंडळी. कोणाचा गाल सुजलेला, कोणाच्या तोंडात कापूस, एक बाई पदराने जबडा धरून बसलेली. कोपऱ्यात तलासरीकडच्या पाड्यावरचे एक आजोबा, डोक्याला फडकं बांधलेलं, त्यांचीही दाढ नुकतीच काढलेली, ते खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. आतून मशीनची घरघर येत होती. आणि एकाएकी लाईट गेली. पंखा थांबला, मशीन थांबलं, डॉक्टर दारात येऊन म्हणाली, "बसा सगळे, लाईट येईपर्यंत काही करता येणार नाही."

मकावकरांनी मान वर केली. आधी मला वाटलं त्यांना दुखतंय. मग बघितलं तर त्यांची नजर एकेकावरून फिरत होती. कोणी बोलत नव्हतं, कारण बोलताच येत नव्हतं. कोणी खात नव्हतं, डॉक्टरने बजावलं होतं. दाढ ठणकताना मोबाइलसुद्धा बघवत नाही. अख्ख्या खोलीत एक चमचा नव्हता.

"डॉक्टर," ते उठून म्हणाले, "लाईट येईपर्यंत एक वाजवू का?"

"काका, हळू वाजवा हं, पेशंट आहेत."

"हळूच वाजवतो, पोरी. दुसरं येतच नाय मला."

आणि त्यांनी वाजवलं. मला गाण्यातलं काही कळत नाही, म्हणून कसं होतं ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की पहिली ओळ झाली आणि मला माझ्या आईच्या चुलीवरचं झाकलेलं पातेलं आठवलं. मी शहरात शिकायला होते तेव्हा शनिवारी उशिरा पोचायची, आणि ते पातेलं निखाऱ्यावर असायचं. वहिनी आधी इकडेतिकडे बघत होत्या, नवरा चारचौघांत आता काय करतोय अशा चेहऱ्याने. मग त्यांनी बघणं सोडलं आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. कोपऱ्यातले आजोबा उठले. मला वाटलं, चालले. पण त्यांनी आपलं स्टूल उचललं, खिडकीकडे पाठ केली, आणि मकावकरांच्या समोर तोंड करून पुन्हा बसले. त्यांचं बघून पदर धरलेली बाईही वळली. मीही वळले.

मधेच लाईट आली. पंखा सुरू झाला. डॉक्टरने हात लांब करून तो बंद केला. मकावकरांच्या हिरडीतून थोडं रक्त ओठावर आलं होतं, ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे. गाणं पुरं झालं.

त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि सवयीने समोर बघितलं, आता कोण आधी उठतंय ते. कोणी उठलं नाही. टाळ्या नाहीत, वाहवा नाही, अर्ध्यांचे जबडे बधिर. मला जन्मात पहिल्यांदाच बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं तर लाळ गळली. आजोबांनी गालातला कापूस बोटाने बाजूला सारला आणि म्हणाले, "लय भारी." एवढं बोलून पुन्हा तोंड मिटून बसले. सगळे तसेच बसून होतो.

शेवटी डॉक्टरच हळू आवाजात म्हणाली, "काका, या आता."

मकावकरांनी रुमालाने ओठ पुसले, बो टाय सारखा केला, आणि कमरेत वाकले. "थँक यू," म्हणाले. "थँक यू." पुढचं वाक्य यायची आम्ही वाट बघत राहिलो. ते आलं नाही. ट्रम्पेट त्यांनी वहिनींच्या मांडीवर ठेवला आणि आत गेले.

दार लागलं. वहिनी ट्रम्पेट दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, अजून गरम आहे हो."